विझलेल्या दिव्यातली तार

जुन्या विहिरीचा गाळ काढायचा असला की माणूस उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, ही रीत आपल्या खेड्यापाड्यांत कुणी लिहून ठेवलेली नाही, पण ठाऊक सगळ्यांना आहे. कंदील तळाशी टेकूनही जळत राहिला तर उतरायचं. अर्ध्यात विझला तर काठावरचं म्हातारं माणूस हात आडवा करतं आणि त्या दिवशीचं काम तिथेच थांबतं. हवेतला प्राणवायू कमी झाला की माणसाच्या थोडी आधी ज्योत गुदमरते. त्या थोडक्या अंतरात कितीतरी जीव वाचले असतील.

पण या रीतीला एक मोठं भोक आहे. खाली साठलेला वायू स्वतःच पेट घेणारा असला तर? मग ज्योत विझते का जळते हे बघायला काठावर कुणी उरेलच असं नाही.

दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या ईशान्येकडच्या कोळसा खाणींत लोकांचं रोजचं जगणं या एका प्रश्नाला टांगलेलं होतं. कोळशाच्या थरांत कोंडलेला मिथेन खोदकाम सुरू झालं की सुसकारे टाकत बाहेर येतो. त्याला रंग नाही, वास नाही. हवेत तो पाच टक्क्यांहून कमी असला तर पेटत नाही आणि पंधरा टक्क्यांच्या वर गेला तरी पेटत नाही. मधल्या पट्ट्यात मात्र एक ठिणगी पुरते. आणि अंधारात कोळसा फोडायचा तर उजेड हवाच. मेणबत्ती लावली तर मरण, नाही लावली तर मजुरी बुडाली. काही ठिकाणी एक पोरगा गारगोटीवर पोलादी चाक फिरवत बसे आणि त्या ठिणग्यांच्या उजेडात बाप काम करी. ठिणगीनं गॅस पेटत नाही असा समज होता. तो खोटा असल्याचं अधूनमधून कळे. कुजणाऱ्या माशांच्या कातडीचा निळसर उजेडही लोकांनी वापरून पाहिला होता. गॅस काढून टाकायची एक जुनी पद्धत तर अशी, की अंगावर ओली गोणपाटं घेतलेला एक माणूस लांब काठीच्या टोकाला मेणबत्ती लावून पोटावर सरपटत पुढे जायचा आणि छताला साठलेला गॅस मुद्दाम पेटवून द्यायचा. जगातला पहिला गॅस डिटेक्टर म्हणजे हा माणूस. त्याच्या देखभालीचं काय, हे विचारू नये.

२५ मे १८१२ रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास न्यूकॅसलजवळच्या फेलिंग खाणीत स्फोट झाला. आवाज तीन-चार मैलांवर ऐकू गेला. उडालेल्या कोळशाच्या भुकटीनं शेजारच्या हेवर्थ गावावर भरदिवसा संध्याकाळ उतरली. ९२ जण गेले आणि त्यांत कितीतरी पोरंसोरं होती. आतली आग विझावी म्हणून खाणीची तोंडं बुजवावी लागली. प्रेतं बाहेर काढायला जुलै उजाडला. असल्या बातम्या छापून येणं खाणमालकांना आवडत नसे. पण ज्याला ते अंत्यविधी करावे लागले तो धर्मगुरू, जॉन हॉजसन, गप्प बसला नाही. त्यानं मेलेल्यांच्या नावांसकट सगळी हकिकत छापली. पुढचं सगळं त्या छापील कागदापासून सुरू झालं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

तीन वर्षांनी, ऑगस्ट १८१५मध्ये, हंफ्री डेव्ही न्यूकॅसलला आला. कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्स गावच्या एका लाकूड कोरणाऱ्याचा हा मुलगा तोवर ‘सर’ झालेला होता, सोडियम आणि पोटॅशियम वेगळे काढून युरोपभर गाजलेला होता, आणि तरुणपणी नायट्रस ऑक्साइड स्वतः हुंगून त्याचे परिणाम लिहून ठेवण्याइतका हट्टीही होता. खाणीतली माणसं त्याला भेटली. हॉजसननं त्याच्याकडे खाणीतला गॅस बाटल्यांत भरून लंडनला पाठवला. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत डेव्ही आणि त्याचा मदतनीस, बुकबाइंडरच्या हाताखाली शिकलेला एक तरुण मायकेल फॅरेडे, कामाला लागले.

त्यातून निघालेल्या सुरक्षित दिव्याची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते, म्हणून थोडक्यात सांगतो. डेव्हीला दिसलं की अरुंद नळीतून स्फोट पलीकडे जात नाही. नळीचा धातू ज्वाळेची उष्णता शोषून घेतो आणि ज्वाळा मरते. मग नळ्या आखूड करत करत तो जाळीपर्यंत आला. बारीक तारेची जाळी, एका चौरस इंचात ७८४ भोकं. ज्योतीभोवती ही जाळी गुंडाळली की बाहेरचा गॅस आत येतो, आत जळतो, पण आग जाळीबाहेर पडत नाही. जानेवारी १८१६मध्ये हेबर्न खाणीत हा दिवा खाली गेला. डेव्हीनं त्याचं पेटंट घेतलं नाही. जॉर्ज स्टीफन्सन, पुढे रेल्वेमुळे अजरामर झालेला, त्याच सुमाराला किलिंगवर्थ खाणीत स्वतःचा सुरक्षित दिवा घेऊन उतरला होता. श्रेयावरून दोघांच्या बाजूच्या लोकांत जे भांडण लागलं ते दोघांनाही न शोभणारं होतं. तो भाग मी सोडून देतो.

शाळेच्या पुस्तकात एक गोष्ट बहुधा नसते. हा दिवा नुसता उजेड देत नव्हता, तो मोजतही होता. वात बारीक केली की गॅस असलेल्या हवेत ज्योतीच्या टोकावर फिकट निळी टोपी दिसते. गॅस सव्वा टक्क्याच्या आसपास गेला की जाणत्या डोळ्याला तिची पहिली चाहूल लागते, वाढला की तिचा स्पष्ट त्रिकोण होतो, पाच टक्क्यांच्या जवळ सगळी जाळी निळ्या ज्वाळेनं भरते. आपल्याकडच्या कोळसा खाणींत ज्याला ‘मायनिंग सरदार’ म्हणतात त्याला गॅस तपासणीची परीक्षा द्यावी लागते, ती याच निळ्या टोपीची. भारतीय नियमांत सव्वा टक्क्याहून जास्त मिथेन आढळला की वीज तोडावी लागते. त्या आकड्यामागे एका ज्योतीची टोपी आहे.

डेव्हीला मात्र दिव्याचा एक दोष छळत होता. गॅस फार वाढला की ज्योत विझते. मग खाली काळोख. गॅसनं भरलेल्या बोगद्यात हातात विझलेला दिवा घेऊन उभ्या असलेल्या माणसानं जायचं कुठे?

१८१७च्या जानेवारीत तो ज्वाळेच्या मर्यादांवर प्रयोग करत होता. लंडनच्या रस्त्यांवरच्या दिव्यांसाठी कोळशापासून जो गॅस काढत, तो हवेत मिसळून किती दाट केला की ज्योत मरते, आणि गॅस आधी तापवला तर ती जास्त टिकते का, हे त्याला बघायचं होतं. जाळीच्या एका छोट्या दिव्यात त्यानं ज्योतीच्या वर प्लॅटिनमची बारीक तार बसवली आणि दिवा गॅसमिश्रित हवेत ठेवला. जाळीच्या आत गॅस पेटला. त्यानं आणखी गॅस सोडला. ज्योत दोन-तीन सेकंद तग धरून राहिली आणि विझली.

तार विझली नाही.

जो भाग सगळ्यात जास्त तापला होता तो लालबुंद राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं, अनेक मिनिटं. आता तिथे दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, तापलेली होती, सावकाश निवेल. पण केसासारखी बारीक तार निवायला क्षणही लागत नाही, आणि हे डेव्हीइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याचा सगळा दिवाच बारीक तारा उष्णता किती झटकन टाकतात यावर उभा होता. त्यानं दिवा उचलून काळोख्या खोलीत नेला. आत कुठे लपलेली, डोळ्याला न दिसणारी ज्योत तर नाही ना? नव्हती. काळोखात ती एकटी तार जळत होती, आणि तिच्याभोवती ज्वाळेचा मागमूस नव्हता.

मला या शोधकथेतली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की तो दिवा घेऊन काळोख्या खोलीत गेला. तार तर कुणालाही दिसली असती.

अर्थ त्याला लगेच कळला. गॅस आणि हवेतला प्राणवायू तारेच्या पृष्ठभागावर एकत्र येत होते, ज्वाळेशिवाय जळत होते, आणि त्या जळण्याची उष्णताच तारेला लाल ठेवत होती. त्यानं उलट करून पाहिलं: तापवलेली प्लॅटिनमची तार थेट गॅस आणि हवेच्या मिश्रणात बुडवली. ती जवळजवळ पांढरीशुभ्र होईतो तापली आणि मिश्रणातलं जळण संपेपर्यंत तशीच राहिली. ईथरच्या वाफेतही तेच झालं. प्लॅटिनम आणि पॅलेडियमनं हे केलं. तांबं, चांदी, लोखंड, सोनं यांनी केलं नाही. २३ जानेवारीला रॉयल सोसायटीपुढे हा निबंध वाचला गेला. या प्रकाराला नाव मिळायला आणखी जवळजवळ वीस वर्षं जायची होती. बर्झेलियसनं १८३५च्या सुमारास ‘कॅटॅलिसिस’ हा शब्द घडवला. आज गाडीच्या सायलेन्सरपासून खतांच्या कारखान्यांपर्यंत जे उत्प्रेरक काम करतात, त्यांच्या घराण्यात ही तार फार वरच्या पिढीत बसते.

डेव्हीनं तिचा उपयोग लगोलग सांगितला. दिव्याच्या ज्योतीवर प्लॅटिनमची एक गुंडाळी टांगा. ज्योत विझली तरी गुंडाळी लाल राहील, तिच्या उजेडात माणूस वाट काढेल; तिचा लालपणा कमीजास्त होईल त्यावरून हवा कशी आहे ते कळेल; आणि चांगली हवा लागली की दिवा आपोआप पुन्हा पेटेल. तारेचं टोक जाळीच्या बाहेर येता कामा नये, नाहीतर तीच स्फोट करील, ही ताकीदही त्यानं देऊन ठेवली. थोडक्यात, गॅस किती आहे हे तापलेल्या प्लॅटिनमवरून ओळखता येतं, हे १८१७ सालीच माणसाच्या हाती आलं होतं. पण तारेचा लालपणा नजरेनं जोखायचा. त्याचा आकडा कसा करायचा, हे कळायला शंभराहून जास्त वर्षं गेली.

मधल्या काळात दिव्यानं काय केलं? १८३५ साली ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे जे आकडे आले ते कुणालाही चक्रावून टाकतील. डरहॅम आणि नॉर्थंबरलंड या दोन परगण्यांत दिवा येण्याआधीच्या अठरा वर्षांत ४४७ माणसं मेली होती; दिवा आल्यानंतरच्या अठरा वर्षांत ५३८. कारणं शोधायला लांब जावं लागलं नाही. पूर्वी ज्या थरांत जायची कुणाची छाती नव्हती, ते थर दिवा आहे म्हणून खणायला काढले. कोळसाही जास्त निघू लागला होता. आणि जाळी? ती गंजत होती, फाटत होती, तेलानं आणि भुकटीनं भरत होती. जास्त उजेड हवा म्हणून कुणी जाळी काढून ठेवत होतं. एका तारेची झीज झाली की ७८४ भोकांतलं एक भोक मोठं होतं, आणि ज्वाळेला एकच पुरतं.

यातून खाणींनी एक गोष्ट उभी केली जिच्याबद्दल कुणी निबंध वाचला नाही. तिला आपल्याकडे ‘लॅम्प केबिन’ म्हणतात. पाळी संपली की प्रत्येक दिवा तिथे जमा. सुटा करायचा, पुसायचा, जाळी उजेडासमोर धरून बघायची, कुलूप लावायचं आणि पुढच्या पाळीला नंबर लिहून द्यायचा. दिवा तुमच्या हातात आला याचा अर्थ आज कुणीतरी तो उघडून पाहिला आहे. एका मठ्ठ वाटणाऱ्या खोलीतल्या या कामानं किती माणसं वाचवली याचा हिशेब कुठेच नाही.

ज्योतीला मिथेन कळतो, पण स्फोटानंतर बोगद्यांत पसरणारा दुसरा वायू तिला कळत नाही. २७ जानेवारी १८९६ रोजी वेल्समधल्या टायलर्सटाउन खाणीत ५७ जण मेले, तेव्हा जॉन स्कॉट हॉल्डेन हा ऑक्सफर्डचा शरीरशास्त्रज्ञ प्रेतं तपासायला गेला. बहुतेकांच्या कातडीवर गुलाबी-लाल छटा होती. स्फोटाच्या धक्क्यानं किंवा भाजून मेलेली माणसं त्यांत थोडीच. बाकीची कार्बन मोनॉक्साइडनं गेली होती. त्याला हे ओळखता आलं, कारण त्यानं स्वतः बंद खोलीत तोच वायू हुंगून, स्वतःचं रक्त काढून, पाण्यात मिसळून त्याचा रंग ताडून पाहिला होता. शेजारी उंदीर ठेवला होता. उंदराचा श्वास भरभर चालतो, म्हणून माणसाच्या मानानं साधारण वीसपट लवकर तो लोळला. मग हॉल्डेननं सुचवलं: खाली जाताना लहान जीव बरोबर न्या. त्यातून कॅनरी पक्षी आला. पिंजऱ्याला प्राणवायूची छोटी नळकांडी जोडलेली असे, पक्षी पडला की दार लावून त्याला पुन्हा शुद्धीवर आणायचं. खाणकामगारांना त्या पक्ष्यांचा लळा लागायचा, हे सांगायला नकोच.

हॉल्डेन आपल्या लहान मुलालाही खाणीत नेत असे. छताशी मिथेन साठलेल्या ठिकाणी त्यानं पोराला उभं राहून शेक्सपिअरच्या नाटकातलं मार्क अँटनीचं भाषण म्हणायला सांगितलं. काही ओळींतच पोराचे पाय लटपटले आणि ते जमिनीवर कोसळलं. खाली हवा चांगली होती, तिथे ते शुद्धीवर आलं. मिथेन हवेपेक्षा हलका असतो आणि वर साठतो, हा धडा ते पोर जन्मात विसरलं नाही. तेच पुढे जे. बी. एस. हॉल्डेन म्हणून नावाजलं, १९५७ साली भारतात आलं, भारतीय झालं आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारलं. गॅस डिटेक्टर कुठे बसवायचा यावर आज जे तक्ते छापतात, त्यांत पहिली ओळ हीच असते: मिथेन आणि हायड्रोजनसाठी वर, एलपीजीसाठी जमिनीलगत. स्वयंपाकघरात ओट्याखालच्या सिलिंडरचा गॅस पायाशी साठतो. तिथे कुणी छताला डिटेक्टर लावला तर तो शोभेचा.

डेव्हीच्या तारेला आकडा मिळाला तो अमेरिकेत, आणि खाणीत नाही. तेलवाहू जहाजांच्या रिकाम्या टाक्यांत राहिलेली वाफ पेटून स्फोट होत. १९२६-२७च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीतल्या डॉ. ऑलिव्हर जॉन्सन यांनी प्लॅटिनमची तापलेली तार घेतली आणि विजेच्या एका चौकटी मंडलात बसवली, ज्याला अभियंते व्हीटस्टन ब्रिज म्हणतात. दोन बाजू तोलून धरायच्या. तारेवर गॅस जळला की तार जास्त तापते, तिचा विजेला होणारा रोध वाढतो, तोल जातो आणि काटा हलतो. शंभर वर्षांपूर्वी जो लालपणा डोळ्यानं पाहायचा तो आता काट्यावर दिसू लागला. पॅलो आल्टो गावात निघालेल्या त्यांच्या कंपनीचं नाव पुढे सिलिकॉन व्हॅलीच्या जुन्यातल्या जुन्या कंपन्यांत घेतलं जाऊ लागलं.

तरी खाणीचा प्रश्न सुटेना. मिथेन हट्टी वायू आहे. नुसत्या प्लॅटिनमवर त्याला जाळायचं तर तार हजार अंशांच्या आसपास तापवावी लागते. इतक्या उष्णतेत प्लॅटिनम हळूहळू उडून जातं, तार बारीक होते, रोध बदलतो, आणि गॅस नसताना काटा सरकतो. रोज खोटं बोलणाऱ्या यंत्रावर कोण भरवसा ठेवणार? उत्तर ब्रिटनमध्ये मिळालं. खाणींच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या ॲलन बेकर यांनी १९६०च्या आसपास तारेची बारीक गुंडाळी ॲल्युमिनाच्या मण्यात पुरली आणि मण्यावर पॅलेडियमचा लेप दिला. डेव्हीनं निवडलेल्या दोन धातूंपैकी दुसरा. आता मिथेन पाचशे अंशांच्या आसपासच जळू लागला. मोहरीच्या दाण्याएवढ्या या मण्याचं नाव पेलिस्टर. शेजारी लेप नसलेला दुसरा मणी ठेवायचा, म्हणजे बाहेरची उष्णता-दमटपणा दोघांवर सारखाच पडतो आणि फरक राहतो तो फक्त गॅसचा.

पण पाचशे अंशांचा मणी गॅसमध्ये ठेवणं म्हणजे पुन्हा मेणबत्तीच की! म्हणून तो धातूच्या टोपीत कोंडतात, आणि टोपीच्या तोंडाशी सच्छिद्र धातूची चकती किंवा जाळी असते. गॅस आत येतो, जळतो, ज्वाळा बाहेर पडत नाही. बाहेर १८१५ची जाळी, आत १८१७ची तार. तुमच्या कारखान्यात भिंतीवर जो डिटेक्टर आहे तो बहुधा डेव्हीचाच दिवा आहे, फक्त ज्योत काढलेला.

१९८६च्या अखेरीस ब्रिटिश खाणींनी जाहीर केलं की उरलेले दोनशेहून अधिक कॅनरी आता निवृत्त होणार. त्यांच्या जागी हातातली इलेक्ट्रॉनिक यंत्रं येणार.

इथे कथा संपायला हवी होती. संपत नाही, कारण ज्योत काढली त्या दिवशी एक गोष्ट हरवली. ज्योत जळत असली की ती जिवंत आहे हे दिसतं. पक्षी चिवचिवत असला की तो जिवंत आहे हे दिसतं. यंत्राच्या पडद्यावर मात्र ‘शून्य’ दोन कारणांनी येतं: हवा स्वच्छ आहे म्हणून, किंवा मणी मेला आहे म्हणून. दोन्ही शून्यं दिसायला सारखीच.

मणी मरतो, आणि फार साध्या गोष्टींनी मरतो. मशीन पुसायच्या पॉलिशमधलं, स्प्रेमधलं, हाताच्या क्रीममधलं सिलिकॉन त्याच्या लेपावर पातळ काचेसारखं बसतं आणि गॅस लेपापर्यंत पोहोचतच नाही. शिसं तेच करतं; गंधकाची संयुगंही त्याला अधू करतात. हवेत प्राणवायू फार कमी असला तर मण्यावर जळायचं कसं? तेव्हाही आकडा कमी येतो. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे गॅस स्फोटाच्या वरच्या मर्यादेपलीकडे गेला की जळायला हवा पुरत नाही, आकडा आधी चढतो आणि मग खाली येतो. ज्याचं लक्ष उशिरा गेलं त्याला फक्त उतरता आकडा दिसतो.

अभियंत्यांनी यावर काही हुशार उपाय केले. भिंतीवरच्या डिटेक्टरपासून कंट्रोल रूमपर्यंत जो विजेचा संकेत जातो, त्यात शून्य गॅस म्हणजे चार मिलिॲम्पिअर. वायर तुटली तर शून्य मिलिॲम्पिअर येईल आणि पॅनेल ओरडेल. वायरचं मरण असं ओळखता येतं. मण्याचं नाही. इन्फ्रारेडवर चालणारे डिटेक्टर आले. त्यांना सिलिकॉन बाधत नाही आणि दिवा गेला तर ते स्वतःच सांगतात, पण हायड्रोजन त्यांना दिसत नाही. विषारी वायूंसाठीचे रासायनिक सेन्सर बहुतेक दोन-तीन वर्षांत संपतात, बॅटरीसारखे.

मण्याचं मरण ओळखायचा उपाय एकच, आणि तो लॅम्प केबिनमधलाच: रोज त्याला गॅस दाखवा. कारखान्यांत याला ‘बंप टेस्ट’ म्हणतात. छोट्या सिलिंडरात ठरावीक प्रमाणातला गॅस भरलेला असतो, मिथेनसाठी बहुधा अडीच टक्के, म्हणजे स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या निम्मा. मीटरला टोपी लावायची, गॅस सोडायचा, आकडा चढतो का आणि भोंगा वाजतो का ते पाहायचं. आकडा चुकला तर कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राचा आकडा पुन्हा जुळवून घेणं. कॅलिब्रेशनलाही दाद देत नसेल तर सेन्सर बदलायचा. बंप टेस्टला मिनिटभरही लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच ती राहून जाते.

काही वर्षांपूर्वी कोकणपट्टीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी गेलो होतो. शेड नुकतीच रंगवलेली होती, हिरव्या पाइपांवरून हात फिरवावासा वाटावा अशी. छताजवळच्या डिटेक्टरला रंग लागू नये म्हणून रंगाऱ्यांनी प्लास्टिकची पिशवी बांधली होती, नीट सुतळीची गाठ मारून. रंगारी जाऊन तीन आठवडे झाले होते. पॅनेलवर शून्य होतं. ते शून्य अगदी खरं होतं. पिशवीतल्या हवेत गॅस नव्हताच. सोबतच्या पर्यवेक्षकाला मी पिशवी दाखवली तेव्हा त्यानं आधी आजूबाजूला पाहिलं आणि मग माझ्याकडे. माणूस वाईट नव्हता. ती पिशवी सोडणं कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं, एवढंच.

आणि यंत्र जिवंत असलं तरी ऐकणारं कुणी हवं. एप्रिल २०१०मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन हा तेलविहिरीचा फलाट पेटला, ११ माणसं गेली. चौकशीत तिथल्याच एका तंत्रज्ञानं साक्ष दिली की फलाटावरचा सर्वसाधारण भोंगा रोखून ठेवलेला होता. सेन्सर गॅस पाहत होते, पॅनेलवर दिसत होतं, पण भोंगा आपोआप वाजणार नव्हता. खोट्या भोंग्यानं रात्री तीन वाजता लोकांची झोपमोड नको, हे त्याचं कारण. खोटा भोंगा वारंवार का वाजतो, हे शोधायचं सोडून भोंगाच बांधून ठेवायचा, याला आपल्याकडे ‘बायपास मारला’ म्हणतात, आणि तो शब्द जितक्या सहजपणे उच्चारला जातो त्याची मला धास्ती वाटते.

तुम्ही टाकीत, गटारात, बॉयलरमध्ये, साखर कारखान्याच्या मळीच्या टाकीत उतरणार असाल किंवा कुणाला उतरवणार असाल, तर मीटर हातात आल्यावर पडद्याकडे नंतर पाहा. आधी ते उलटं करा आणि पाठीवरचा स्टिकर वाचा. कॅलिब्रेशनची तारीख आहे का? आज सकाळी याला गॅस दाखवला होता का, आणि कुणी दाखवला? उत्तर नीट मिळालं नाही तर विहिरीच्या काठावरच्या त्या म्हाताऱ्यासारखा हात आडवा करा. काम उद्या होईल.